शाळा सुटली की नाक्यावरचं चायनीज: पोरांच्या संध्याकाळच्या भुकेचं काय करायचं?

काजूबी:
नमस्कार मंडळी. आम्ही कुडाळजवळच्या एका गावात राहतो, मुलगा आठवीत, मुलगी पाचवीत. मी पतपेढीत नोकरीला, नवरा बांधकामाच्या साइटवर, दोघांनाही घरी यायला साडेसहा-सात होतात. पोरं मात्र पाचला सुटतात आणि तिथून क्लासला जातात. मधल्या वेळेत नाका.

आमच्या नाक्यावर पूर्वी एक वडापावची गाडी आणि एक चहाची टपरी होती. आता चायनीजच्याच तीन गाड्या, शोरमा, मोमोज, आणि दुकानाच्या दारात लटकलेल्या पाकिटांच्या माळा. परवा मुलीला आणायला लवकर गेले आणि थोडा वेळ बाजूला उभी राहून बघितलं. कढईतलं तेल काळं झालेलं, मंच्युरियनचे गोळे सोडले की वर पिवळट फेस यायचा आणि तो बसायचं नावच घेत नव्हता. गाडीवाल्याने गोळे झाऱ्याने काढले, लाल सॉसमध्ये घोळले, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवले आणि चौथीतल्या वगैरे एका पोराच्या हातात दिले. पोराची बोटं लालभडक, दुसऱ्या हातात थंड पेयाची बाटली. त्याच्या मागे दहाबारा पोरांची रांग.

माझं मत असं की कधीतरी खाल्लेल्या वडापावने कोणाचं काही बिघडत नाही, रोजच्या सवयीने बिघडतं. आणि ही सवय चवीमुळे लागते त्याहून जास्त भुकेमुळे लागते. साडेबाराला डबा खाल्लेलं पोर पाचला कडकडून भुकेलेलं असतं आणि समोर जे गरम मिळेल ते खातं. तर तुम्ही काय करता ते सांगा. फक्त दोन विनंत्या, 'पैसेच देऊ नका' हा सल्ला नको (मित्र देतात हो) आणि पहाटे चारला उठून करायचे पदार्थ नकोत.

आगळ:
वाचतोय. आमच्याकडे वेंगुर्ल्यातही तेच, फक्त आमच्या पोरांचा जीव शोरम्यावर.

उकडाभात:
काजूबी, प्रश्न चांगला काढलात. आमच्या लहानपणी दहा-साडेदहाला उकड्या तांदळाची पेज, सोबत सुका बांगडा भाजून नाहीतर खारातली कैरी, दुपारी भात आणि कुळथाची पिठी, संध्याकाळी भूक लागली तर माळ्यावरचे काजू, फणसाच्या भाजलेल्या आठळ्या नाहीतर गूळ-खोबरं. कोणाला साखरेचा आजार नव्हता की कोणाचं पोट सुटलं नव्हतं. आमची म्हातारी अजून म्हणता, "पोटाक पेज नाय तर दिसाक तेज नाय." आपलं जुनं खाणं परत आणा, बाकी कशाची गरज नाही.

सातकापे:
आठळ्या! काका, रात्री साडेदहाला आठळ्यांचं नाव काढलंत, आता चूल पेटवायला तुम्हीच या.

नर्सताई:
मी सरकारी दवाखान्यात आहे, शाळांच्या तपासणीलाही जाते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

लोकांना वाटतं फास्टफूडचा त्रास म्हणजे ॲसिडिटी आणि जुलाब. तो होतोच, उघड्यावरचं पाणी, चटणी, बर्फ यातून टायफॉइड आणि कावीळही होते. पण जो त्रास हळूहळू होतो तो दिसत नाही. तीन गोष्टी लक्षात ठेवा, मीठ, साखर आणि मैदा.

मीठ: जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चमचा, आणि लहान मुलांना त्याहून कमी. आता नूडल्सचं साधं पाकीट उलटं करून मागे सोडियमचा आकडा बघा. ब्रँडप्रमाणे कमीजास्त असतो पण ८००-९०० मिलिग्रॅमच्या आसपास बऱ्याच ठिकाणी सापडेल. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ. म्हणजे एका पाकिटात दोन ग्रॅमच्या वर, आणि हे पोरं कच्चंच चुरून वर सगळा मसाला टाकून खातात. चायनीजमध्ये तर सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात तेवढंच सोडियम असतं.

साखर: २५० मिलिलिटर थंड पेयात साधारण २६-२७ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. घरात आपण पोराच्या दुधात एवढी कधी घालू का? जास्तीच्या साखरेची यकृतात चरबी होते. फॅटी लिव्हर म्हणतात तो हाच, दुखत नाही खुपत नाही, दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली की कळतं. दारूला कधी शिवली नाहीत अशा माणसांना निघतो, आणि आता वजन वाढलेल्या शाळकरी पोरांनाही.

आणि सारखं मैद्याचं खाल्लं की त्यात चोथा नाही, त्यामुळे पोट भरल्यासारखं वाटतं आणि तासाभरात परत भूक. मुलांच्या बद्धकोष्ठाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या आयांना मी आधी विचारते, संध्याकाळी काय खातो?

काजूबी:
नर्सताई, अडीचने गुणायचं हे माहीतच नव्हतं. आत्ता स्वयंपाकघरातलं पाकीट काढून मुलाकडूनच गुणाकार करून घेतला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

डोंगरपाखरू:
थोडं वेगळं मत मांडतो. 'फास्टफूड' म्हणून सगळं एकाच टोपलीत टाकू नका. घावनही दोन मिनिटांत होतं. गाडीवर समोर तळलेला वडा आणि कारखान्यात वीस पदार्थ घालून बनवलेलं पाकीट यात फरक आहे. ब्राझीलमधल्या कार्लोस मोंतेरो यांच्या गटाने २००९ पासून अन्नाची वर्गवारी मांडली, त्यात शेवटचा वर्ग अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाचा, म्हणजे जे घरच्या स्वयंपाकघरात बनूच शकत नाही असं.

यावर अमेरिकेतल्या केव्हिन हॉल या संशोधकाचा एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. वीस माणसं संस्थेतच ठेवली, प्रत्येकाला दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं जेवण. दोन्ही ताटांत साखर, मीठ, चरबी, चोथा सारखाच वाढलेला आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलेलं. तर पाकीटबंद प्रकारच्या जेवणावर लोकांनी रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलो वजन वाढलं. साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. ती माणसं ते जेवण भराभर खात होती, मऊ असतं, चावावं लागत नाही, पोट भरल्याचं कळायच्या आत ताट संपतं.

म्हणून माझ्या मते धोक्याचा क्रम लावायचा तर आधी थंड पेय आणि पाकिटं, मग काळ्या तेलातलं तळलेलं, आणि वडापाव बराच खाली. वड्यात निदान बटाटा, लसूण, बेसन तरी आहे.

आगळ:
वडापावची बाजू घेतल्याबद्दल डोंगरपाखरूला माझ्यातर्फे एक सुकी चटणी जास्त.

रातांबा:
उकडाभात काका, राग मानू नका, पण 'जुनं ते सगळं चांगलं' हे मला पटत नाही. माझे आजोबा पेज आणि सुक्या बांगड्यावर वाढले आणि त्यांना ब्लडप्रेशरने अर्धांगवायू झाला. सुका बांगडा, खारवलेली सुरमई, खारातल्या कैऱ्या, पापड, सांडगे, ह्या सगळ्यांत मीठ किती असतं! पावसाळ्याची बेगमी म्हणून करायचे, आणि तेव्हाची माणसं उन्हात घाम गाळायची. आपण पंख्याखाली बसून तेच खातो.

कोकमाचंही तसंच. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान आहेच, माझं नावच बघा, रातांबा म्हणजे कोकमाचं फळ. पण आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ मुठीने घातलेलं असतं आणि सरबताच्या पाकात साखर. थंड पेय बंद केलं आणि दिवसाला चार ग्लास गोड कोकम सरबत दिलं तर साखर तेवढीच पोटात जाते. आम्ही घरी आमसुलं नुसत्या पाण्यात भिजवून, किंचित गूळ आणि जिरं घालून करतो. सोलकढी करताना आगळ घातलं की वरून मीठ अजिबात नाही.

उकडाभात:
रातांबा, राग कसला. मिठाचं बोलणं मान्य. पण पेज सोडायला सांगू नका. उकड्या तांदळाची पेज म्हणजे पाणी, थोडा भात, पोट शांत. सोबत सुका बांगडा नको तर वालीची भाजी घ्या, चवळीची उसळ घ्या.

पणजीवरून:
सीमेपलीकडून नमस्कार. माहेर सावंतवाडीचं, सासर इथलं. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, इंडियाब नावाच्या मधुमेहाच्या पाहणीचे देशभराचे आकडे आले, त्यात देशात प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आणि गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत पहिला नंबर. चारातल्या एकाला! आमच्या बिल्डिंगमध्ये जिना चढताना दारं मोजली तरी खरं वाटतं.

हे सगळं फास्टफूडमुळे असं मी म्हणत नाही. गाडीशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानात न जाणं, दोन वेळा भाताचा डोंगर, बेकरीचं, दारू, सगळंच आलं. पण हाच समुद्र, हाच नारळ, हेच मासे खाणारी माणसं आपण, सिंधुदुर्ग काय फार लांब नाही. 'आम्ही कोकणातले, मासे खातो, आम्हाला काही होत नाही' या भरवशावर राहू नका.

पेडवा:
माशांचं नाव निघालं म्हणून आलो. बांगडा आणि तारली-पेडवे यांच्यात ओमेगा-३ भरपूर, पापलेट-सुरमईच्या मागे लागून लोक स्वस्तातले पेडवे सोडतात. पण ते रवा लावून बुडवून तळलेत तर काय उपयोग? बांगड्याचं तिखलं करा, हळदीच्या पानात भाजा. पोरांना काट्याची भीती असेल तर तिखल्यातला बांगडा हाताने सोलून भातात कालवून द्या, माझा लेक असाच शिकला आणि आता डोकंही सोडत नाही.

सातकापे:
आणि कोंबडीवड्यांचं काय? कोणी त्याला हात लावला तर मी धागा सोडून जाईन हां.

पेडवा:
वडे सणावारी. रोज कोणी तळतं का? तेच तर काजूबी म्हणतायत.

खाडीकिनारा:
खोबरेल तेलावर कोणी बोलेल का? आमच्याकडे सगळं खोबरेलात, आणि मोबाईलवर एक व्हिडिओ सांगतो अमृत, दुसरा सांगतो विष.

नर्सताई:
खाडीकिनारा, खोबरेलात साधारण नव्वद टक्के संपृक्त चरबी असते, पामतेलात निम्मी. त्यामुळे अमृत म्हणून चमच्याने पिऊ नका आणि फोडणीला एक चमचा घातलंत म्हणून घाबरू नका. ओलं खोबरं वेगळं, त्यात चोथा असतो. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर शेंगदाणा, तीळ अशी तेलं आलटून पालटून वापरा. मुख्य म्हणजे एकूण तेल कमी करा.

झाऱ्यावाला:
खूप दिवस नुसतं वाचत असतो, आज लिहितोच. माझी चायनीजची गाडी आहे, चिपळूणच्या बाजूला. वर सगळं वाचलं, बरंचसं खरं आहे, पण आमचीही बाजू ऐका.

पामतेलाचा डबा घेतला तरी गॅस, भाडं, पोऱ्याचा पगार जाऊन हाफ प्लेटमागे हाताला फार थोडं राहतं. रोज उरलेलं तेल ओतून द्यायचं म्हटलं तर धंदाच बंद होईल. मी स्वतः काय करतो ते सांगतो, दोन कढया ठेवतो, तळणीची छोटी. तेल गाळून घेतो नाहीतर मैद्याचे कण जळून सगळं काळं होतं. काळं व्हायला लागलं, चिकट झालं, धूर लवकर धरायला लागला की टाकतो. सगळे असं करत नाहीत, मला माहीत आहे. काजूबी ताईंनी जो न बसणारा फेस बघितला ना, ते तेल गेलेलं होतं.

रंगाचं म्हणाल तर गिऱ्हाईक लालच मागतं. मी रंग बंद केला, काश्मिरी मिरची भिजवून वाटून घालतो, तर पहिले काही दिवस पोरं विचारायची "काका आज फिकं का?". आता विचारत नाहीत.

डोंगरपाखरू:
झाऱ्यावाला भाऊ, लिहिलंत ते फार बरं केलंत. तुमच्या मुद्द्यांना जोडून सांगतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे, १ जुलै २०१८ पासून लागू, की तळणीच्या तेलात खराब झालेले घटक, ज्यांना टोटल पोलर कंपाउंड म्हणतात, ते २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही. आणि टाकायचं म्हणजे गटारात ओतायचं नाही, वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची योजनाही त्याच वर्षी सुरू झाली. छोट्या गाडीवाल्यापर्यंत ती पोचायला हवी, दोनचार गाड्यांनी मिळून डबा साठवला तर घेणारा येईल.

रंगाबद्दल, मार्च २०२४ मध्ये शेजारच्या कर्नाटकाने गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली. नमुन्यांत असुरक्षित रंग सापडले होते, सोबत तपासलेल्या कॉटन कँडीत तर रोडामाइन-बी, तो कापड वगैरेचा रंग, खाण्याचा नव्हेच. तुमची काश्मिरी मिरची लाख पटीने बरी.

वर्तमानपत्राचंही तसंच, खाद्यपदार्थ त्यात बांधायला मनाई आहे, शाई गरम तेलात उतरते. केळीचं पान, पळसाच्या पत्रावळी आपल्याकडे कमी आहेत का?

खाडीकिनारा:
आणि अजिनोमोटो? सगळे त्यालाच शिव्या घालतात.

डोंगरपाखरू:
त्याच्याबद्दल भीती गरजेपेक्षा जास्त आहे. त्यात सोडियम साध्या मिठाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. अडचण अशी की तो सॉस, मीठ, सोया या सगळ्यांच्या वर पडतो, आणि त्याच्या चवीमुळे शिळं, बेचव मैद्याचं खाणंही पोटात जातं. सोया आणि शेजवान सॉसकडे जास्त लक्ष द्या.

आगळ:
बेकरीवाल्यांना का सोडलंत? आमच्याकडे सायकलवाला रोज खारी, बटर, नानकटाई घेऊन येतो आणि आई म्हणते "बिस्कीटच तर आहे, हलकं".

नर्सताई:
हलकं नव्हेच! पूर्वी वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटचा मोठा धोका होता, जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात त्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत ठेवायची सक्ती आहे, हे चांगलं झालं. पण मैदा, साखर आणि चरबी तर तिथेच आहे. 'मल्टिग्रेन' बिस्किटाचं पाकीट घ्या आणि मागे घटक वाचा, जो सगळ्यात जास्त तो आधी लिहायचा असा नियम आहे. पहिलं नाव बहुतेक मैद्याचंच निघेल.

ठाणेकर_चाकरमानी:
गावाकडच्यांनी मुंबईच्या नावाने ओरडू नये म्हणून आधीच सांगतो, आमच्याकडे परिस्थिती याहून वाईट आहे, ॲपवर बोट ठेवलं की पिझ्झा दारात. पण यंदा गणपतीला आमच्या वाडीतल्या चाकरमान्यांनी ठरवलंय, पोरांना खाऊ म्हणून वेफरची पाकिटं आणायची नाहीत. क्रिकेटचे बॅट-बॉल आणि दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या आणायच्या. बघू किती पाळतात, मी तरी पाळणार.

काजूबी:
सगळ्यांचे आभार, खूप शिकायला मिळालं. झाऱ्यावाला भाऊ, तुमचं वाचून बरं वाटलं, गाडीवाल्यांशी भांडायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं, आता नक्की झालं.

शाळेच्या बाबतीत कोणी काही केलंय का? फाटकाला चिकटूनच एक दुकान आहे.

रातांबा:
ताई, त्यालाही नियम आहे. २०२० सालचे शाळकरी मुलांच्या सुरक्षित आणि संतुलित आहाराचे नियम काढा. जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीत हा कागद छापून ठेवा. पण एकट्या जाऊ नका, चारपाच आया मिळून जा, आणि दुकानदाराला आधी घरी जाऊन सांगा, एकदम तक्रार नको. गावात राहायचंय आपल्याला. त्याला सांगायचं, पाकिटं मागे ठेव, पुढे चणे, शेंगदाण्याची चिक्की, वेलची केळ्यांचे घड लाव.

उकडाभात:
मूळ प्रश्न पाच वाजताच्या भुकेचा आहे, त्यावर कोणी काही सांगेल की नाही? नुसतं काय खाऊ नये तेच चाललंय.

सातकापे:
काका बरोबर. मी सांगते, दोन पोरांची आई आणि मीही नोकरी करते.

दुसरा छोटा डबा. हा दुपारी उघडायचा नाही, पाचचाच, हे पोरांना पक्कं सांगायचं. त्यात आदल्या रात्री कुकरला लावलेले शेंगदाणे नाहीतर चणे, एक उकडलेलं अंडं, दोन वेलची केळी. थंडीत बाजारात कणगी आणि करांदे हे कंद येतात ते उकडून मीठ लावून. कधी दडपे पोहे, सकाळी पातळ पोह्यांवर ओलं खोबरं, कांदा, लिंबू घालून डब्यात दडपायचे. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत ओलं खोबरं टिकणार नाही अशी भीती वाटते, म्हणून तेव्हा खोबऱ्याऐवजी भाजलेले दाणे. कधी काळ्या वाटाण्याची कोरडी उसळ. यात काहीच पहाटे उठून करायचं नाही.

दुसरं, पोरालाच शिकवा. आठवीतला मुलगा घावन घालू शकतो. माझा सातवीतला घालतो, पहिलं फाटतं, दुसरं जाड होतं, तिसऱ्यापासून जाळी पडते. स्वतः केलेलं पोरं आवडीने खातात, हे मी रोज बघते. क्लास नसेल त्या दिवशी घरी येऊन घावन आणि खोबऱ्याची चटणी.

आणि आठवड्यातून एक दिवस नाका. तो दिवस पोरांनी निवडायचा. चोरून खाणं बंद होतं त्याने. आमच्याकडे शुक्रवार असतो, आणि त्या दिवशीसुद्धा थंड पेय नाही एवढाच नियम. त्या पैशात ते आता अंडं घातलेली भुर्जी-पाव घेतात, त्यांचं त्यांनी ठरवलंय.

काजूबी:
सातकापे, हेच हवं होतं मला. दुसरा डबा उद्यापासूनच. करांद्यांचं डोक्यातच आलं नाही कधी, आमच्या परड्यात वेल आहे!

पणजीवरून:
करांदे कडवट लागतात, पोरं तोंड वाकडं करतील. आधी कणगीपासून सुरुवात करा.

डोंगरपाखरू:
सातकापेंच्या यादीत मोलाचं म्हणजे अंडं, चणे, दाणे. प्रथिनं आणि चोथा असला की पोट जेवणापर्यंत थांबतं. नुसती फळं दिलीत तर सहाला परत भूक.

खाडीकिनारा:
आमच्या एसटी स्टँडजवळ बचत गटाच्या बायकांनी संध्याकाळी घावन-उसळ विकायला सुरुवात केलीय. एक प्लेट तीस रुपये, हाफ नूडल्सपेक्षा स्वस्त. सुरुवातीला म्हातारे आणि कंडक्टरच यायचे, आता कॉलेजची पोरं उभी असतात. मला वाटतं डब्याइतकंच हेही लागेल. नाक्यावरच चांगलं काही मिळालं पाहिजे, सगळ्यांच्या आयांना डबा देणं जमणार नाही.

झाऱ्यावाला:
खाडीकिनारा, हे माझ्याही मनात आहे. बायको आंबोळ्या चांगल्या करते. पण माझी अडचण वेगळी आहे, चायनीजच्या कढईत दोन मिनिटांत चार प्लेटा निघतात, घावन एकेकच निघतं. पाच ते सहा या एका तासात सगळं गिऱ्हाईक येतं आणि पोरं थांबत नाहीत, बाजूच्या गाडीवर जातात. आणि घावन आधी करून ठेवलं तर चामट होतं. बचत गटाच्या बायका कसं जमवतात ते विचारून सांगाल का?

खाडीकिनारा:
आजच विचारलं, मुद्दाम गेलो होतो. त्यांच्याकडे बिडाचे तीन तवे एका ओळीत आहेत, एकीचं काम फक्त पीठ घालणं, दुसरीचं काढून उसळ वाढणं. घावन त्या आधी करतच नाहीत. गर्दीच्या तासासाठी दुपारी चारला आंबोळ्या करून फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवतात, त्या मऊ राहतात, उसळ गरम असली की झालं. उडदाचं प्रमाण तीन वाट्या तांदळाला एक वाटी आणि थोडी मेथी. जास्त उडीद घातला तर तव्याला चिकटतात असं म्हणाल्या. उसळ सकाळीच होते, वाटाणे आदल्या रात्री भिजत. खोबऱ्याचं वाटप मात्र त्या दुपारनंतरच घालतात, नाहीतर उन्हाने आंबतं.

सातकापे:
नवीन बिडाचा तवा घेतलात तर आधी चारपाच दिवस तेल लावून, कांदा फिरवून तापवा, नाहीतर पहिल्या दिवशी सगळं खरवडून काढावं लागेल. तेल थेंबभरच लागतं मग.

झाऱ्यावाला:
घरात सासूबाईंचा जुना तवा आहे, तोच काढतो. शनिवारी क्लास नसतो, गर्दी कमी असते, त्या दिवशी आंबोळी-उसळ लावून बघतो. नूडल्सची गाडी आहे तशीच राहील, एका बाजूला हे. काजूबी ताई, प्लेट किती रुपयांना ठेवली तर पोरं घेतील असं वाटतं?

काजूबी:
पोरांनाच विचारलं. दोघंही म्हणाली पंचवीस. आणि मुलगी म्हणते दोन आंबोळ्या हव्यात, एक नाही.